रेंज गेली आणि गाणे सापडले

पावसाळ्यातला रविवार आणि ताम्हिणी घाट हे समीकरण पुणेकरांना आता नवे राहिलेले नाही. चांदणी चौक ओलांडायचा, भूगाव-भुकूमची कोंडी सोसायची, पिरंगुटचे कारखाने मागे टाकायचे आणि पौडच्या पुढे जायचे. मग मुळशी धरणाचे पाणी दिसू लागते आणि रस्ता हळूहळू ढगांत शिरतो. गेल्या जुलैत आम्हीही निघालो. गाडीत चार माणसे होती. मी चालवत होतो, शेजारी पत्नी, मागे माझी ब्याऐंशी वर्षांची आई आणि वीस वर्षांची मुलगी.

एका गाडीत तीन पिढ्या म्हटल्यावर गाण्यावरून वाद ठरलेलाच. मोबाइल मुलीचा, त्यामुळे सत्ताही तिचीच. हिंदी झाले, मराठी झाले, इंग्रजी झाले. पण एकही गाणे धड शेवटपर्यंत जाईना. मुखडा संपतो न संपतो तोच तिचे बोट पुढच्या गाण्यावर. शेवटी आई वैतागून म्हणाली, "अगं, त्या बिचाऱ्याला पुरतं गाऊ तरी दे!"

धरणाची भिंत मागे पडली आणि आईचे म्हणणे निसर्गानेच ऐकले. "बाबा, रेंज गेली!" मागून आवाज आला. या रस्त्यावर हे नेहमीचेच. आता मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवलेला एकच अल्बम काय तो शिल्लक होता. तो सुरू झाला आणि दुसरा पर्यायच नसल्यामुळे सुरू राहिला. गिटारचे सूर, एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा आवाज, शब्द इंग्रजी. पाऊस पडत होता, काचेवरचे वायपर ताल धरत होते. अल्बम संपला, पुन्हा पहिल्यापासून लागला, तरी कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या फेरीत मला मागून एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. आई गुणगुणत होती. शब्दांचा पत्ता नव्हता. चाल मात्र बरोबर होती.

"कोण गं हे?" तिने नातीला विचारले.

"आजी, पुण्याचेच आहेत."

"पुण्याचे? मग इतकी वर्षं आपल्याकडे कसे ऐकू आले नाहीत?"

या प्रश्नाचे उत्तर गाडीत कोणाजवळच नव्हते. आजचा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे.

एकाच वर्षातले दोन आवाज

हा अल्बम होता 'ॲज रिटन इन द स्टार्स'. 'ईझी वॉन्डरलिंग्ज' नावाच्या पुण्याच्या संगीतसमूहाने तो २०१७ मध्ये काढला. गाणी मुख्यतः सन्यंत नारोथ या तरुणाची. गाण्यात त्याच्या जोडीला प्रतिका गोपीनाथ यांचा आवाज आहे. पाठीशी चित्रपट नाही, नट नाही, मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही. स्वतः गाणी रचायची, स्वतः ध्वनिमुद्रित करायची आणि स्वतःच लोकांसमोर ठेवायची. याला हल्ली 'इंडी' म्हणतात; आपण स्वतंत्र म्हणू. २०२२ मध्ये त्यांचा 'कॉट इन अ परेड' हा दुसरा अल्बमही आला.

आता गंमत पाहा. त्याच २०१७ च्या डिसेंबरात आमच्या मुळशी तालुक्याच्या वेशीवर, बावधनजवळच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर 'सनबर्न' हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा मोठा महोत्सव भरला. त्याच्या गर्दीची, आवाजाची आणि परवानग्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर झाली. मग २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' आला आणि मुळशी म्हटले की कोणते गाणे, हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. या दोन्हींना माझा आक्षेप नाही. ज्याला नाचायचे त्याने नाचावे. पण तरुणांचे संगीत म्हणजे छातीत धडधडणारा दणका, अशी जी समजूत माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांच्या मनात घट्ट बसली आहे, ती अशाच मोठ्या आवाजांमुळे बसली. त्याच वर्षी त्याच शहरातल्या काही मुलांनी हळू आवाजात, गुणगुणता येतील अशी गाणी केली, हे आमच्या कानांपर्यंत आलेच नाही. आमच्या घरी ते पोहोचायला घाटातली रेंज जावी लागली.

'पॉवर' नेमकी कशात?

अशा गाण्यांच्या एका घराण्याला इंग्रजीत 'पॉवर पॉप' म्हणतात. १९६७ मध्ये 'द हू' या ब्रिटिश समूहाच्या पीट टाउनशेंडने आपल्या संगीतासाठी हा शब्द वापरला, आणि पुढे तो रूढ झाला. कृती ऐकायला सोपी आहे. 'बीटल्स'सारखी चटकन ओठांवर येणारी चाल घ्यायची, तिला विजेच्या गिटारचा आणि ड्रम्सचा जोर द्यायचा, दोनतीन आवाज एकमेकांना पूरक अशा वेगवेगळ्या स्वरांवर गाऊ लागले की मुखडा खुलवायचा, आणि हे सारे तीनचार मिनिटांत आटपायचे. लांबण लावायची नाही. आपल्याकडे मुखडा-अंतरा-मुखडा हा जो क्रम आहे, त्याचाच हा चुलतभाऊ.

प्रामाणिकपणे सांगायचे तर 'ईझी वॉन्डरलिंग्ज'ला या व्याख्येत तंतोतंत बसवता येणार नाही. त्यांच्या गाण्यांत 'पॉप' पुरेपूर आहे, 'पॉवर' बेताची. अमेरिकन सोल आणि लोकसंगीताची त्यांच्यावर अधिक छाया आहे. पण मूळ श्रद्धा एकच: चाल ही गाण्याची मालकीण आणि बाकी सगळे तिच्या सेवेला.

या श्रद्धेची किंमत काय मोजावी लागते, याची एक गोष्ट संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल आणि त्यांच्या दोन साथीदारांनी 'बिग स्टार' हा समूह काढला. १९७२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. नाव ठेवले 'नंबर वन रेकॉर्ड'. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण वितरणाचा असा घोळ झाला की तबकड्या दुकानांत पोहोचल्याच नाहीत. ज्यांना घ्यायचा होता त्यांनाही तो मिळेना. समूह मोडला. ख्रिस बेल १९७८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. आणि मग ऐंशीच्या दशकात 'आर. ई. एम.'सारखे यशस्वी समूह सांगू लागले की आम्ही त्या न विकल्या गेलेल्या गाण्यांवर वाढलो! आज पॉवर पॉपचा विषय निघाला की 'बिग स्टार'चे नाव अगदी आरंभी घेतले जाते. पण बेलच्या हयातीत त्याच्या वाट्याला हे काहीच आले नाही.

मुळशीत राहणाऱ्याला ही गोष्ट जरा जास्तच ओळखीची वाटते. 'पॉवर' हा शब्द आम्ही इथे जपून वापरतो. शंभर वर्षांपूर्वी टाटांनी मुळशीला धरण बांधले, ते विजेसाठी. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावे पाण्याखाली गेलीच. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरले, वीज मुंबईला गेली. निपजते एकीकडे आणि उजेड पडतो दुसरीकडे, याचा अनुभव या मातीला आहे. त्या दुःखाशी गाण्याच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही. पण आपल्या गावात तयार झालेल्या चांगल्या गोष्टीचा उजेड आपल्याच घरात पडू नये, याची चुटपुट मात्र तीच.

हे तर आपलेच गाणे

आईला ती चाल का सापडली, याचा मी नंतर बराच विचार केला. आईचे बालपण पुण्यात गेले. गणेशोत्सवात गजानन वाटव्यांचे भावगीतगायन तिने ऐकलेले. वाटवे स्वतः पेटी वाजवत गात आणि चौकात जमलेले लोक शांतपणे ऐकत, हे ती अजून डोळे मिटून सांगते. चित्रपट नाही, नाटक नाही. कवीची कविता, गायकाची चाल आणि समोर रस्त्यावर बसलेला श्रोता. मला सांगा, हे स्वतंत्र संगीत नव्हते तर काय होते?

त्या भावगीतांची लांबीही तीनचार मिनिटांची. याचे कारण यंत्रात होते. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. त्या मर्यादेतून आपल्या संगीतकारांनी नेटके, एकही सूर वाया न घालवणारे गाणे घडवले. इकडे भावगीताला आणि तिकडे पॉपच्या गाण्याला, दोघांनाही एकाच जातीच्या तबकडीने शिस्त लावली. मग आईचा कान त्या चालीला परका कसा मानील?

आणि अल्बम ही कल्पना तरी आपल्याला कुठे नवी आहे? पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे गदिमा-बाबूजींचे 'गीतरामायण' झाले. छप्पन गाणी, एक सूत्र. आई तेव्हा बारा वर्षांची होती. शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर सारा वाडा बसे. पुढचे गाणे ऐकायला आठवडाभर थांबावे लागे आणि ते थांबणे हाही ऐकण्याचाच भाग होता.

माझ्या पिढीचा अल्बम म्हणजे १९९८ चा 'गारवा'. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळे यांची चाल आणि आवाज, गाण्यांच्या मधूनमधून बोललेले शब्द. मित्राच्या जुन्या मोटारीत तीच एक कॅसेट होती. याच ताम्हिणीच्या रस्त्यावर आम्ही ती दोन्ही बाजूंनी इतकी वाजवली की फीत घासून आवाज बसला. कॅसेटमध्ये गाणे ओलांडून पुढे जाणे कटकटीचे असे. म्हणून न आवडलेले गाणेही ऐकले जाई, आणि पाचव्या-सहाव्या वेळी तेच सर्वांत प्रिय होऊन बसे. आज एका बोटावर जगातली सारी गाणी आहेत, पण न आवडलेल्या गाण्याला दुसरी संधी नाही. चांगली चाल लाजाळू असते. तिला दोनतीन भेटी लागतात. पहिल्या वीस सेकंदांत जिचा निकाल लागतो, तिला ओरडूनच लक्ष वेधावे लागणार. तरुणांचे संगीत ओरडते अशी तक्रार करणाऱ्यांनी, आपण न ओरडणाऱ्याला किती वेळ देतो, हेही एकदा घड्याळ लावून पाहावे.

पण हे इंग्रजी आहे!

इथे काही वाचक मला थांबवतील. पुण्याची मुले इंग्रजीत गातात, याचे कौतुक मराठी वर्तमानपत्राने का करावे? प्रश्न रास्त आहे. मलाही असा अल्बम मराठीत ऐकायला आवडेल. मुंबईचे 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग गिटार-ड्रम्सच्या साथीने गातात, तेव्हा माझा ऊर भरून येतो. पण भाषेचा प्रश्न जितका मुलांना विचारायचा तितकाच घरालाही विचारायला हवा. ज्या घरात मुलाने गिटार हाती घेतली की "आता अभ्यासाचं काय?" हा एकच सवाल होतो, त्या घरासाठी, त्या घराच्या भाषेत मुलाने का गावे? तो त्याच्या ऐकणाऱ्यांच्या भाषेत गातो.

उसनेपणाचा आक्षेपही जुनाच. हार्मोनियम युरोपातून आली म्हणून आणि तिच्यात श्रुती नाहीत म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज भजनी मंडळात पेटी नसेल तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. गिटारही आपल्या घरांत शिरून कितीतरी वर्षे झाली. इंग्रजी रॉकमध्ये स्वतःची गाणी करणारे मुंबईचे 'रॉक मशीन' १९८४ मध्ये निघाले. तेच पुढे 'इंडस क्रीड' झाले. त्याचा गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर. ही नावे काही परदेशी नव्हेत. चाळीस वर्षे जे आपल्या अंगणात वाजते आहे, त्याला पाहुणा तरी किती दिवस म्हणायचे?

खरा प्रश्न भाषेचा नाही, पोटाचा आहे. आणि तो मी टाळणार नाही. स्वतंत्र अल्बम काढणे हा आजही आतबट्ट्याचा व्यवहार आहे. संगणकामुळे ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, हे खरे. खिडक्यांना रजया लावून घरातल्या खोलीत गाता येते. पण ड्रम्स नीट मुद्रित करायचे तर अनेक मायक्रोफोन आणि बंदिस्त खोली लागते, मग आवाजांचे मिश्रण, शेवटचा हात. प्रत्येक टप्प्याला पैसा. आणि मोबाइलवर कोणी गाणे ऐकले की कलावंताच्या हाती काय पडते? एका ऐकण्यामागे पैशांत मोजावी इतकी रक्कम. कॅसेट विकत घेताना आपण निदान दुकानात पैसे मोजत होतो. आता गाणे फुकट आहे असे आपण धरूनच चाललो आहोत. पुण्यात २०१० मध्ये 'एनएच ७ वीकेंडर' सुरू झाला, तेव्हा अशा समूहांना हजारोंचा श्रोता मिळू लागला. पण महोत्सव वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांचे काय?

एक कबुली

हे सारे मी कोणत्या तोंडाने लिहितो आहे, ते सांगून टाकतो. गेल्या वर्षी माझ्या मुलीने आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी चार गाणी मुद्रित करायचे ठरवले. तिने माझ्याकडे पैसे मागितले. रक्कम फार नव्हती. घरी नवा सोफा आला, त्याच्या निम्मीही नसेल. मी पैसे दिले नाहीत. वर अर्धा तास उपदेश दिला. "छंद म्हणून ठीक आहे..." या वाक्याने सुरू होणारा तो उपदेश बहुतेक वडिलांना पाठ असतो. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटले, पटले तिला.

घाटातून परतल्यावर चार दिवसांनी मी आपणहून विचारले, "तुमच्या त्या गाण्यांना किती लागतील?"

"आता नको बाबा. जमवले आम्ही," ती म्हणाली. नंतर पत्नीकडून कळले की तिने आपली दुसरी गिटार विकली. तिच्या अठराव्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलेली.

"पैसे नकोत, पण तू ऐकायला ये," एवढेच तिने सांगितले. भूगावला एका इमारतीच्या तळघरात भाड्याच्या खोलीत त्यांचा सराव चालतो. मी गेलो. भिंतींना फोम, फरशीवर वायरींचे जाळे, कोपऱ्यात चहाचे कागदी कप. चार गाण्यांपैकी दोन मला कळली नाहीत. एकात ड्रम्सपुढे शब्दच ऐकू आले नाहीत, तसे मी सांगितलेही, आणि मुलांनी ते मनावर घेतले. चौथ्या गाण्याचा मुखडा मात्र घरी येईपर्यंत माझी पाठ सोडीना. त्यांचे पुढे काय होईल, मला माहीत नाही. बहुधा चौघेही नोकऱ्या करतील. पण गाणे झाले आहे, आणि ते मी पहिल्याच दिवशी ऐकले असते तर बरे झाले असते.

प्रत्येक मुलाला वाद्ये घेऊन द्या, असा सल्ला मी देणार नाही. माझे मागणे लहान आहे. आपल्या गावातल्या, आपल्या कॉलेजांतल्या मुलांनी स्वतःच्या हिमतीवर केलेला एखादा अल्बम शोधा. एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून, एकही गाणे न ओलांडता, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जा. फुकट पासासाठी ओळख काढू नका. आवडला नाही तर तसेही सांगा. गाणाऱ्याला सर्वांत जास्त झोंबते ते कोणी न ऐकणे.

आमच्या घरी आता रात्रीच्या जेवणानंतर आई नातीला हाक मारते, "लाव गं ते घाटातलं गाणं." अल्बमचे इंग्रजी नाव तिच्या लक्षात राहत नाही. घरात रेंज भरपूर आहे. तरी तो संपेपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही, असा तिने नियम केला आहे.